ऑरलँडोत डॉल्फिनसोबत पोहायला जाताय? आई-बाबांना आणि पोरांना न्यायच्या आधी हे वाचून घ्या

मे-जूनमधे इंडियातून आई-बाबा नाहीतर सासू-सासरे आले की फ्लोरिडाची ट्रिप ठरतेच, आणि डिस्ने-युनिव्हर्सलची तिकिटं काढून होत नाहीत तोवर कुणीतरी फॅमिली ग्रुपवर डॉल्फिनच्या गालाला गाल लावलेला फोटो टाकतं आणि मग घरातल्या प्रत्येकाला तेच हवं असतं. जागा म्हणजे डिस्कव्हरी कोव्ह, सी वर्ल्ड या समुद्री प्राण्यांच्या मोठ्या पार्कच्या समोरच, त्याच कंपनीचं, २००० साली सुरू झालेलं. अमेरिकेत इतर ठिकाणीही हा प्रकार आहे, दुबईत अटलांटिस हॉटेलात आहे, पण आपली मंडळी सगळ्यात जास्त इथेच जातात म्हणून मी इथलंच सांगते.

आधी एक गोष्ट क्लिअर करते म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही. नाव 'डॉल्फिन स्विम' असलं तरी पाण्यातला वेळ साधारण अर्धा तास, आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही स्वतः डॉल्फिनबरोबर पोहत असता ते काही सेकंद. बाकीचा वेळ कमरेएवढ्या पाण्यात रांगेत उभं राहून आपला नंबर कधी येतो ते बघायचं. हे माहीत असलेली माणसं खूश होऊन बाहेर येतात, आणि डॉल्फिनच्या कळपात मनसोक्त डुंबायचं चित्र मनात घेऊन गेलेली माणसं "बस एवढंच?" म्हणतात. माणशी दोनशे डॉलरच्या वर जातात हो, सीझनला त्याहून बरेच जास्त, तेव्हा काय विकत घेतोय ते नीट समजून घ्या.

जायचं का नाही हे आधी ठरवा

हे मी मुद्दाम पहिल्यांदा लिहितेय कारण नंतर गाडीत बसल्यावर कॉलेजातली भाची हा विषय काढते आणि सगळ्यांचा मूड जातो. इंडियात डॉल्फिन पार्क काढायला केंद्र सरकारने २०१३ सालीच बंदी घातली. त्याच्या आधी १९९८ मधे चेन्नईजवळ बाहेरून डॉल्फिन आणले होते ते काही महिन्यांत मेले. आपल्याकडे मालवणजवळ तोंडवलीला काढायच्या सी वर्ल्ड प्रकल्पाचं काय काय आपण किती वर्षं पेपरात वाचलंय. कॅनडाने २०१९ मधे डॉल्फिन आणि व्हेल करमणुकीसाठी ठेवायला कायद्याने बंदी केली, फ्रान्सने २०२१ मधे कायदा केला. अमेरिकेत मात्र हे अजून कायदेशीर आहे, लायसन्स लागतं, तपासणी असते.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणं अगदी साधं आहे. हा प्राणी समुद्रात दिवसाला कितीतरी किलोमीटर फिरतो, आवाजाचा पडसाद ऐकून मासे शोधतो, प्रत्येकाची स्वतःची वेगळी शिट्टी असते जिच्यावरून बाकीचे त्याला ओळखतात, आणि अशा प्राण्याला आपण तळ्यात ठेवून रोज अनोळखी माणसांच्या हातात देतो. पार्कवाल्यांचं म्हणणं की आमचे बहुतेक डॉल्फिन इथेच जन्मलेत, डॉक्टर आहेत, संशोधन होतं. आणि हो, ते हसताना दिसतात ना, ते हसणं नाही, जबड्याचा आकारच तसा आहे, आजारी असला तरी तसाच दिसतो. पोरांना हे आधी सांगून ठेवा.

माझं मत विचाराल तर, आयुष्यात एकदाच अमेरिकेला आलेल्या आणि लहानपणापासून हे मनात धरून बसलेल्या आजीला मी अडवणार नाही. पण आपण इथेच राहणारे लोक, आपल्याला दुसरे मार्ग आहेत. ऑरलँडोहून तासाभरावर कोको बीचच्या बाजूला खाडीत कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन जा, जंगली डॉल्फिन आपापल्या मजेत शेजारून जातात. तिथे नियम कडक आहेत, जंगली डॉल्फिनला खायला घालणं हा गुन्हा आहे आणि जवळपास ४५ मीटर लांब राहा असं सरकार सांगतं, म्हणजे तिथे शिवाशिवी विसरा. आणि पाण्यात उतरून मोठ्या प्राण्याजवळ जायचंच असेल तर थंडीत, नोव्हेंबर ते मार्च, क्रिस्टल रिव्हरला जा. दीड तासाचा ड्राइव्ह, झऱ्याचं पाणी बारा महिने २२ डिग्रीच्या आसपास म्हणून समुद्र गार झाला की मॅनेटी (समुद्रगाय) तिथे गोळा होतात. स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) लावून पाण्यावर गप्प तरंगत राहायचं, पाठलाग करायचा नाही, तोच येऊन बघून जातो. पैसेही कमी लागतात.

कोकणात जाणार असाल तर तारकर्ली-देवबाग, हर्णै-मुरुड इकडे सकाळच्या बोटीतून डॉल्फिन बऱ्याचदा दिसतात, फक्त बोटवाल्या काकांना आधीच सांगा की बोट त्यांच्या मागे लावू नका, इंजिन बंद करून थांबलो तरी चालेल. पावसाळ्यात बोटी बंद असतात हे लक्षात ठेवा.

एवढं वाचूनही डिस्कव्हरी कोव्हलाच जायचं ठरलं असेल तर पुढे वाचा, आता नावं ठेवणार नाही.

तिकीट

इथे गेटवर जाऊन तिकीट काढू असं चालत नाही. दिवसाला ठरावीकच लोक आत घेतात, त्यामुळे बुकिंग आधीच करावं लागतं आणि सुट्ट्यांचे दिवस लवकर भरतात. नेहमीच्या ट्रॅव्हल साइटवर शोधून सापडलं नाही तर तुमचं नेट खराब नाहीये. ट्रिपअ‍ॅडव्हायझरने २०१९ मधे आणि एक्स्पीडियाने २०२१ मधे असल्या ठिकाणांची तिकिटं विकणं बंद करायचं जाहीर केलं. सरळ पार्कच्या साइटवरून घ्या. कुणीतरी ओळखीचा "स्वस्तात करून देतो" म्हणतो त्याच्या नादी लागू नका, तारीख बदलायची वेळ आली की तो फोन उचलत नाही.

तिकिटं दोन प्रकारची. एक डॉल्फिनसकट आणि एक डॉल्फिनशिवाय, बाकी दिवसभराचं सगळं दोन्हींत सेम. लोक इथेच चुकतात, पाच जणांचं कुटुंब असलं की पाचही जणांची डॉल्फिनची तिकिटं काढतात. गरज नाही. ज्याला पाण्याची भीती वाटते त्याला साधं तिकीट काढा, तो किनाऱ्यावर उभा राहून सगळं बघू शकतो. सहा वर्षांच्या खालच्या मुलाला डॉल्फिनपाशी घेतच नाहीत, आणि लहान मुलं असतील तर एक मोठा माणूस डॉल्फिनचंच तिकीट काढून बरोबर पाण्यात उतरावा लागतो. म्हणजे सहा-सात वर्षांची पोरगी आणि तिला नेणारे बाबा एवढीच दोन तिकिटं महाग, बाकीची साधी. एकाच आठवड्यात मंगळवारचा आणि शनिवारचा भाव वेगळा असतो, तोही बघून घ्या.

तिकीट काढताना डॉल्फिनची वेळ ठरते, सकाळची मागा. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी आभाळ भरून येतं, विजा सुरू झाल्या की सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात आणि मग वाट बघत बसायचं. जून ते सप्टेंबर तर हे जवळजवळ रोजचंच. आपले आई-बाबा नेमके त्याच महिन्यांत आलेले असतात.

पोहता यायलाच पाहिजे असं नाही, लाइफ व्हेस्ट देतात. पण पाण्यात पाय टेकत नाहीत तिथे घाबरायला होणार नाही एवढी सवय हवी. गुडघ्याचा त्रास असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, कुणी गरोदर असेल तर बुक करायच्या आधी फोन करून विचारा, तिथे पोचल्यावर "बघू काय म्हणतात" करू नका. वाळूतून जाणाऱ्या जाड चाकांच्या व्हीलचेअर असतात, त्या मागता येतात.

आदल्या रात्रीची कामं

ही पायरी इंग्रजी गाइडमधे सापडणार नाही आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

दागिने. डॉल्फिनच्या पाण्यात अंगावर काहीही चालत नाही. अंगठ्या, कानातलं, घड्याळ, केसातल्या पिना, सगळं काढायचं. डॉल्फिनच्या कातडीला ओरखडा येतो हे एक, आणि दुसरं म्हणजे पाण्यात पडलेली वस्तू तो गिळू शकतो आणि ती पोटात अडकली तर जिवावर बेतू शकतं. आता मंगळसूत्राचं काय करायचं ते घरात आदल्या रात्रीच बोलून घ्या. सासूबाईंना लॉकरपाशी उभं करून, मागे रांग लागलेली असताना "काढा ना आई" म्हणायची वेळ येऊ देऊ नका, त्या नाराज होतात आणि बरोबरच आहे. आधी शांतपणे कारण सांगितलं की त्या स्वतःच रुमालात बांधून हॉटेलच्या सेफमधे ठेवतात. काळे मणी बारीक असतात, दोरा तुटला की तळ्यात कुठे शोधणार. बांगड्यांचं अजून अवघड, कित्येक वर्षांत हातातून न निघालेल्या सोन्याच्या बांगड्या साबण लावूनही अर्धा तास घेतात, हात सुजतो. ते रात्रीच करा. निघतच नसतील तर त्यांचं साधं तिकीट काढा, नाहीतर फोन करून विचारा. जोडव्यांकडे कुणाचं लक्ष जात नाही, तीही काढा. टिकली तर पाण्यात सुटतेच.

तेल. आजीने प्रवासातही डोक्याला खोबरेल लावलेलं असतं, पोरांनाही चोपडलेलं असतं. आदल्या रात्री शांपूने धुऊन टाका.

सनस्क्रीन घरचं नेऊ नका. आत प्राण्यांना चालेल असं सनस्क्रीन ते स्वतःच देतात, बाकीचं लावून पाण्यात जाऊ देत नाहीत.

कपडे. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा घट्ट सूट) किंवा व्हेस्ट तिथे मिळतो, तो घालावाच लागतो कारण डॉल्फिनचं पाणी थंड असतं. खाली पोहायचा कपडा हवा. कॉटनचा टीशर्ट आणि सलवार घालून उतरता येणार नाही. अंग उघडं पडेल म्हणून आई लाजत असतील तर त्यांना घरी असतानाच पूर्ण बाह्यांचा, पूर्ण पायांचा पोहायचा ड्रेस घेऊन द्या, आता सगळीकडे मिळतो, आणि वरून वेटसूट आला की तसंही सगळे सारखेच दिसतात. वेटसूट घालणं हे एक काम आहे बरं का, कोरड्या अंगावर ओढत बसलात तर दमून जाल, जरा पाणी मारून घ्या आणि घाई करू नका.

मुलांची नखं कापा. डॉल्फिनची कातडी नाजूक असते.

सकाळी पोचल्यावर

लवकर जा. नाश्ता पैशातच धरलेला असतो आणि ठरावीक वेळेपर्यंतच मिळतो, उशीर झाला की तो गेला. दुपारचं जेवण, मधलं खाणंपिणं, टॉवेल, लॉकर, स्नॉर्केल, पार्किंग सगळं आत धरलेलं आहे, बिअरसुद्धा. एकवीस वर्षांच्या वरचे असाल तर ओळखपत्र लागतं, आणि इंडियातून आलेल्यांकडे ते म्हणजे पासपोर्टच, तो ओला होणार नाही असा ठेवा. व्हेज मिळतं, काउंटरवर विचारा, फिकं असतं पण पोट भरतं. बाहेरचे डबे घेऊन जाऊ नका. ठेपल्यांचा डबा गाडीत राहू दे, संध्याकाळी पार्किंगमधे त्याच्यासारखं सुख नाही.

चेक-इनला फोटो काढून गळ्यात घालायचं कार्ड देतात आणि डॉल्फिनसाठी कुठे, किती वाजता जमायचं ते सांगतात. त्या वेळेच्या आधी पोचा. पार्कातल्या कृत्रिम नदीत तरंगत राहिलात आणि वेळ गेली तर तुमच्यासाठी ग्रुप थांबत नाही.

पाण्यात

आधी एका शेडमधे बसवून माहिती देतात, कुठे हात लावायचा कुठे नाही वगैरे. हे सगळं इंग्रजीत आणि अमेरिकन स्पीडने, तेव्हा आई-बाबांच्या शेजारी बसा आणि हळू आवाजात सांगत राहा. मुख्य नियम सोपे आहेत. डोक्यावरच्या भोकावर हात ठेवायचा नाही, त्यातून तो श्वास घेतो. डोळ्यांजवळ हात न्यायचा नाही. तोंडात हात घालायचा नाही, ऐंशी-शंभर अणकुचीदार दात असतात. हात सपाट ठेवून सावकाश फिरवायचा, थोपटायचं नाही. आपल्याकडे बैलाला थापटतात तसं काही जण थापटायला जातात आणि ट्रेनर लगेच थांबवतो.

मग साताठ जणांचा ग्रुप पाण्यात. पहिला धक्का थंडीचा. पाय वाळूत, पाणी कमरेला, आणि लहान मुलं दात वाजवायला लागतात. आणि मग तो येतो. लांबून पर दिसतो तोपर्यंत ठीक, पण समोर आला की लक्षात येतं हे प्रकरण केवढं मोठं आहे, अडीच-तीन मीटर लांब, दोनशे किलो सहज. पोरं इथे हमखास मागे सरकतात आणि बाबांच्या पाठीमागे जातात. ओढू नका. "पैसे भरलेत, हात लाव" असं तर अजिबात म्हणू नका, त्याने रडू चालू होतं आणि ग्रुपमधल्या सगळ्यांचा वेळ जातो. ट्रेनरना हे रोजचंच आहे, ते दुसऱ्या मुलाला आधी घेतात, आणि दुसऱ्याने हात लावलेला बघितला की हे पोरगं आपणहून पुढे येतं. नाही आलं तर नाही.

हात लावलात की कळतं, कातडी उकडून सोललेल्या अंड्यासारखी लागते, गुळगुळीत पण आतून घट्ट. जवळून श्वास सोडला की फुस्स करून तुषार तोंडावर येतात, आणि त्याला मासळीचा वास असतो, जन्मभर शाकाहारी असलेल्या आमच्या आत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ट्रेनर हाताचे इशारे शिकवतो, तुम्ही हात गोल फिरवला की डॉल्फिन गिरकी घेतो, सगळे टाळ्या वाजवतात. नीट बघितलंत तर कळेल की त्याचं लक्ष तुमच्याकडे कमी आणि ट्रेनरकडे जास्त आहे. ट्रेनर छोटी शिट्टी वाजवतो, तिचा अर्थ बरोबर केलंस, आता मासा मिळणार. बादलीतला मासा कुठे जातोय ते बघत राहा, अख्खा कार्यक्रम समजतो. मला तर तेच बघायला जास्त मजा आली.

मग मुख्य भाग. एकेकाला ट्रेनर जरा खोल पाण्यात नेतो, तिथे पाय टेकत नाहीत. डॉल्फिन शेजारी येतो, सांगतील तसे पर धरायचे आणि तो तुम्हाला किनाऱ्याकडे ओढत आणतो. हेच ते काही सेकंद. टिप एवढीच की शरीर सैल सोडा, पाय मागे तरंगू द्या, लाथा मारू नका, आणि तोंड बंद ठेवा नाहीतर खारं पाणी पोटभर. घाबरून पर गच्च आवळणारे लोक तिरके होतात. नको वाटलं तर ट्रेनरला आधीच सांगा, उथळ पाण्यात थांबता येतं, कुणी हसत नाही.

शेवटी पापी, फोटो, टाटा. आणि पुढचा ग्रुप तयारच असतो.

फोटोंचं गणित

इथे खिसा हलका होतो. पाण्यात तुमचा फोन-कॅमेरा नेता येत नाही, त्यांचा फोटोग्राफर फोटो काढतो आणि नंतर काउंटरवर विकतात. वेगळे पैसे, आणि कमी नाहीत. थंडीने कुडकुडत बाहेर आल्या आल्या स्क्रीनवर आजीचा हसरा चेहरा दिसला की आपण कार्ड काढतोच, त्यांना ते बरोबर माहितीये. घरातून निघतानाच आकडा ठरवा. एक उपाय म्हणजे साध्या तिकीटवाला कुणीतरी किनाऱ्यावर फोन घेऊन उभा करायचा, तो झूम करून बऱ्यापैकी फोटो काढतो. जवळचे येत नाहीत, पण आजी ओढली जात असतानाचा तिचा ओरडा व्हिडिओत येतो, तो विकतच्या फोटोत कुठला. एकत्र फोटो हवा असेल तर सगळ्यांचं बुकिंग एकाच ग्रुपमधे आहे का ते सकाळी चेक-इनलाच विचारून घ्या, नंतर बदलणं अवघड असतं.

उरलेला दिवस

खरं सांगायचं तर पैसे वसूल होतात ते इथे. गर्दी नाही, रांगा नाहीत, डिस्नेनंतर हे स्वर्ग वाटतं. उबदार पाण्याची हळू वाहणारी नदी आहे, तिच्यातून तरंगत तरंगत पक्ष्यांच्या मोठ्या पिंजऱ्यात शिरता येतं, वाटीत दाणे दिले की पक्षी हातावर येऊन बसतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या मंडळींना डॉल्फिनपेक्षा हे पक्षी जास्त आवडले. मोठं रीफ (प्रवाळाच्या खडकांसारखं केलेलं तळं) आहे, स्नॉर्केल लावून रंगीत मासे आणि स्टिंग रे (पाकट) खालून जाताना दिसतात. ज्यांना उतरायचं नाही त्यांच्यासाठी वाळूत खुर्च्या आणि सावली आहे, बाबांनी तिथे दोन तास झोप काढली तरी कुणी उठवत नाही.

पॅकेजमधे बऱ्याचदा सी वर्ल्ड आणि अ‍ॅक्वाटिका वॉटर पार्कची एन्ट्रीही असते, किती दिवस चालते ते तिकिटावर बघा. ती आहे हे विसरून वेगळी तिकिटं काढणारे लोक मी पाहिलेत. असेल तर डिस्कव्हरी कोव्ह ट्रिपच्या सुरुवातीला टाका, शेवटच्या दिवशी नको, नाहीतर ओले टॉवेल बॅगेत कोंबून एअरपोर्टला पळावं लागतं आणि ती एन्ट्री फुकट जाते. आणि निघताना हॉटेलच्या सेफमधलं मंगळसूत्र घ्यायला विसरू नका.